पांगुळगाडा

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरात पोटमाळा उतरवण्याचे काम माझ्याकडे येते. माझ्या उंचीचा घराला तेवढाच उपयोग आहे, असे आमच्या कुटुंबाचे मत आहे आणि वीस वर्षांच्या संसारात ते मला खोडून काढता आलेले नाही. यंदा माळ्यावरून एक पितळी समई निघाली, माझ्या एम्.ए.च्या वेळच्या टाचणांची वाळवीने अर्धीअधिक फस्त केलेली चळत निघाली, आणि त्या सगळ्याच्या मागे पालथा पडलेला पांगुळगाडा निघाला. सागवानी, तीन चाकांचा. आगाशीच्या एका सुताराने तो माझ्यासाठी केला होता. पुढे माझ्या धाकट्या भावाने तो वापरला, मग माझ्या दोन्ही मुलांनी. मागचे एक चाक आता निखळले आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांचे पहिले वाहन हेच असणार. तान्हे मूल त्याची आडवी दांडी धरून उभे राहते, गाडा पुढे सरकतो, मूल त्याच्यामागे धडपडते आणि घरातली सगळी मंडळी हातातली कामे टाकून टाळ्या पिटतात. शब्द किती स्वच्छ आहे पाहा! ज्याला अजून चालता येत नाही तो पांगुळ, आणि त्याला चालवतो तो पांगुळगाडा. या शब्दाची कुणाला लाज वाटत नाही, गाड्याचीही नाही. गाडा ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून देवघरात गेला तरी 'वाहन आत आणू नका' असे त्या मुलाला कुणी सांगत नाही.

माझ्या हातून मात्र एका मुलीला तसे सांगितले गेले.

मी वसई-विरार पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्याचे नाव सांगत नाही, कारण या प्रकरणात संस्थेपेक्षा दोष माझाच अधिक होता. काही वर्षांपूर्वी आमच्या आवारात मोटारसायकलींचा फार उच्छाद झाला. मुले थेट ग्रंथालयाच्या पायरीपर्यंत गाड्या आणीत. शिस्त समितीने पाटी लावायचे ठरवले, आणि मराठीचा प्राध्यापक समितीत असताना मजकूर दुसरा कोण लिहिणार? मी लिहिले : 'महाविद्यालयाच्या आवारात कोणत्याही प्रकारचे वाहन आणण्यास सक्त मनाई आहे.' त्यातले 'कोणत्याही प्रकारचे' हे शब्द मी मुद्दाम घातले होते, पोरांना पळवाट राहू नये म्हणून. पाटी रंगून फाटकावर लागली. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली ती या गावातली एकमेव पाटी असावी, असा मला चोरटा अभिमानही होता.

पुढच्या जूनमध्ये प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगी आली. सकाळच्या पहिल्या तासाला रोज दहा-बारा मिनिटे उशीर. भिंतीला हात लावत लावत यायची आणि दाराजवळच्या बाकावर बसायची. आठवडाभर पाहून मी एकदा विचारले, "रेल्वेने येतेस का गं?"

"नाही सर, इथेच राहते. दीड किलोमीटर."

"मग जवळ राहणाऱ्यांनीच उशीर करायचा, हा नियम कुणी केला?"

वर्ग हसला. तीही हसली. त्या दिवशी मी तिची गैरहजेरी लावली. विशेष म्हणजे त्याच तासाला कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनावर मी मोठ्या तळमळीने बोललो होतो! पुस्तकातल्या चाकाच्या खुर्चीसाठी माझे डोळे भरून येत होते. फाटकाबाहेरची खुर्ची मला दिसलीच नव्हती.

तीनेक आठवड्यांनी मुलगी यायची बंद झाली, आणि एके दिवशी तिचे वडील आले. वालीवच्या एका गाळ्यात ते फिटर आहेत, वेल्डिंगही करतात. हातावर ठिणग्यांचे बारीक डाग. खुर्चीवर बसायला तयार होईनात. "सर, त्या पाटीचं काही करता येईल का, एवढंच विचारायला आलो. ती पाटी तुम्ही लिहिली, असं वॉचमन म्हणाला."

मी त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर गेलो. चहाच्या टपरीमागे प्लॅस्टिक पांघरून एक यंत्र उभे होते. त्याला काय म्हणावे ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मधली बैठक रुग्णालयाने भंगारात काढलेल्या चाकाच्या खुर्चीची. पुढे सायकलचे हँडल आणि एकच जाड चाक, त्या चाकाच्या पोटात विजेच्या स्कूटरची अडीचशे वॉटच्या आतली मोटार. बैठकीखाली बॅटरी. डाव्या हाताशी एक खटका, त्याच्या दोन बाजूंना नखांच्या रंगाने काढलेली चित्रे : एकीकडे ससा, दुसरीकडे कासव. ससा रस्त्यासाठी, कासव माणसांच्या गर्दीसाठी. मागे पावसाळ्यासाठी छत्री खोचायची नळी. नालासोपाऱ्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या नळीचे महत्त्व सांगायला नको. २०१८ च्या जुलैत इथले रूळच पाण्याखाली गेले होते आणि गाड्या बंद पडल्या होत्या.

मुलीला स्नायूंचा विकार आहे, हळूहळू वाढत जाणारा. घरात दहा-पंधरा पावले ती चालते, भिंत धरून पन्नासही चालते. पण त्याची किंमत तिला उरलेल्या दिवसात मोजावी लागते. यंत्र फाटकाबाहेर ठेवायचे, तिथून सत्तर पावले, मग तीन पायऱ्या, मग वर्ग. तिची ती दहा-बारा मिनिटे इथे जात होती. एक दिवस पायरीवर गुडघा मुडपला आणि तिने येणे सोडले.

आमच्या वॉचमनचे म्हणणे निराळे होते. "सर, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ती गाडीवरून उठून उभी राहते." तो माणूस दुष्ट नव्हे. ज्याला पाय नाहीत तोच पांगळा, अशी त्याची समजूत. तुमची-माझीही थोडीफार तशीच असते. चाकाच्या खुर्चीतून कुणी उठून उभा राहिला की आपल्याला फसवल्यासारखे वाटते. चष्मा काढून ठेवून कुणी दाराची कडी लावली, तर मात्र त्याला आपण लबाड म्हणत नाही.

"तीनचाकी सायकल मिळते ना सरकारकडून?" मी विचारले. मिळाली होती. एका शिबिरात, हारतुऱ्यांसह आणि फोटोसह. केंद्र सरकारची अशी साधने वाटण्याची योजना १९८१ पासून चालू आहे आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यात ती साधने तयार होतात. त्या तीनचाकीने या देशात असंख्य माणसांना घराबाहेर आणले, हे मान्यच केले पाहिजे. पण ती चालते हाताच्या जोरावर. या मुलीचा विकार पायांत आहे तसा खांद्यांतही आहे. पहिल्या चढाला तिचे हात थांबले. शिवाय सायकल चाळीच्या दारातून आत जाईना. आता ती जिन्याखाली आहे आणि तिच्यावर कपडे वाळत घालतात. तयार मिळणाऱ्या विजेच्या खुर्चीची किंमत ऐकून वडील दुकानातून परत आले. शिवाय तिची चाके लहान, आमच्या रस्त्यांतल्या खड्ड्यांत ती पहिल्याच दिवशी रुतली असती. तेव्हा गाळ्यातले काम संपल्यावर रात्री बसून त्यांनी मुलीच्या मापाचे हे यंत्र केले. अंगाला बसणारा कपडा शिवावा, तसे.

मला या विषयातले ओ की ठो कळत नव्हते. मग मास्तराच्या सवयीने मी वाचायला लागलो, आणि पहिली गोष्ट अशी कळली की या बाबतीत जगाचा इतिहास म्हणजे बहुधा अशाच गाळ्यांचा इतिहास आहे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा स्टीफन फार्फलर हा घड्याळजी स्वतः पायांनी अधू होता. १६५५ साली, बाविसाव्या वर्षी, त्याने दातेरी चाके जुळवून हाताने फिरवायची तीन चाकांची गाडी स्वतःसाठी केली. आज रुग्णालयात आणि विमानतळावर दिसणारी घडीची पोलादी खुर्ची १९३० नंतरच्या काळातली. ती केली खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्टने, हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राच्या मदतीने. आपल्याकडचा जयपूरचा पाय घ्या. डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या शस्त्रक्रियेच्या ज्ञानाला रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हाताची जोड मिळाली आणि १९६८ च्या सुमारास तो पाय तयार झाला. यातले प्रत्येक साधन पहिल्या दिवशी विचित्रच दिसले असणार. आज आपण ज्याला 'नेहमीची खुर्ची' म्हणतो ती कुणाच्या तरी फाटकावर पहिल्यांदा आली असेल, तेव्हा तिथल्या वॉचमननेही डोके खाजवले असेल.

मग कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगाच्या गाडीची व्याख्या होती, तिच्यात एक मजेदार अट होती : गाडी मुळातच खास त्याच्यासाठी घडवलेली हवी, नुसती जुळवून घेतलेली चालणार नाही. म्हणजे स्कूटरला बाजूची दोन चाके लावून आयुष्यभर नोकरीवर जाणारी जी माणसे आपण गावोगाव पाहतो, ती त्या व्याख्येत बसतच नव्हती! २०१९ च्या दुरुस्तीने ती व्याख्या गेली आणि फेरफार करून घेतलेल्या गाडीलाही जागा मिळाली. नियमांत आणखी एक सोय आहे. विजेवर चालणाऱ्या साधनाची शक्ती पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल आणि वजनाची वगैरे अट पाळली असेल, तर ते मोटार वाहन समजलेच जात नाही. म्हणजे परिवहन खात्याच्या लेखी जे मोटार वाहन नव्हते, ते माझ्या पाटीच्या लेखी वाहन होते.

खरा कायदा आहे तो २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत, आणि स्नायूंचा हा विकार त्यांत नावानिशी आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने आपली इमारत आणि आवार सर्वांना वापरता येईल असे ठेवले पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. अशा माणसांना स्वतः हिंडता-फिरता यावे म्हणून सरकारने सवलती द्याव्यात, गाड्यांत फेरफार करायला मदत करावी, हेही आहे. साधन कोणते असावे याची यादी मात्र कायद्याने दिलेली नाही, आणि हे मी सुदैव समजतो. यादी केली की यादीबाहेरचा माणूस रस्त्यावर आला. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारण्यासाठी नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ साली उलटून गेली. राजीव रतुडी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही मानके नुसती मार्गदर्शनापुरती ठेवून चालणार नाही, किमान काही बंधनकारक करा. ही याचिका मूळची २००५ ची. मधल्या काळात 'अपंग'चा 'दिव्यांग' झाला. भाषेचा माणूस म्हणून मला शब्दांचे अगत्य आहे, पण शब्द बदलायला एक परिपत्रक पुरते आणि पायरी फोडायला गवंडी लागतो. सरकारला पहिली गोष्ट नेहमी आधी जमते.

नेमका आमच्यासारखाच तंटा अमेरिकेत होऊन गेला आहे. २००१ साली तिथे सेगवे नावाचे दोन चाकांचे, उभ्याने चालवायचे यंत्र निघाले. ते धडधाकट माणसांसाठी होते, आणि २०२० साली त्याचे उत्पादनही थांबले. पण ज्यांना उभे राहता येते, चालता येत नाही आणि बसून उठणे कठीण जाते, अशा लोकांनी ते उचलले. स्नायूंचाच विकार असलेल्या एका बाईंना त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला ते घेऊन डिस्नेलँडमध्ये जायचे होते. व्यवस्थापन म्हणाले, चाकाची खुर्ची आणा, नाहीतर बसायची स्कूटर आणा. हे चालणार नाही. खालच्या कोर्टात बाई हरल्या. २०१२ साली वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : दुसऱ्या कशाने तरी भागते एवढे म्हणून हात झटकता येणार नाहीत; त्या माणसाचे हिंडणे इतरांच्या हिंडण्याइतके सुखाचे कसे होईल, हे पाहिले पाहिजे. तिथल्या २०११ पासूनच्या नियमांत अशी यंत्रे कशी जोखायची तेही दिले आहे. वजन, आकार, वेग, गर्दी, जागेची रचना, इतरांची सुरक्षितता पाहा, पण 'तुला झालंय काय?' असे विचारू नका. मी नेमके तेच, वर्गासमोर, विनोद म्हणून विचारले होते.

आमच्या प्राचार्यांच्या शंका याच जातीच्या होत्या आणि त्या मला रास्त वाटल्या. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पाचशे पोरे असतात. ब्रेक निकामी झाला तर? बॅटरीने पेट घेतला तर? वडिलांनी ब्रेक दोन आहेत हे दाखवले, बॅटरी घरीच भारतो म्हणाले, आणि आवारात कासव पक्के राहावे म्हणून सशाला कुलूप बसवून दिले. हा कासवाचा बेत त्यांना कुणी शिकवला नव्हता. पण इंग्लंडात १९८८ च्या नियमांपासून हेच चालते. अशा मोठ्या यंत्राने रस्त्यावर ताशी आठ मैलांनी जावे, पदपथावर चार मैलांनी, म्हणजे पायी माणसाच्या चालीने.

उतार बांधण्याची कथा तर ऐकण्यासारखी आहे. तीन पायऱ्या, दीड फूट उंची. ठेकेदाराने दोन दिवसांत साडेचार फुटांचा चकचकीत उतार करून दिला आणि फोटो काढून नेला. वडिलांनी त्यावर पाय ठेवून पाहिला नि म्हणाले, "सर, ही घसरगुंडी झाली." हिशेब साधा आहे : एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, दीड फुटाला अठरा. इतकी लांबी द्यायची तर तुळशीवृंदावनाजवळ वळण घ्यावे लागत होते. ते घेतले. आता त्यावरून ग्रंथालयाची पुस्तकांची गाडी जाते, पाण्याचे पिंप जाते, आणि गुडघे दुखणारे आमचे इतिहासाचे प्राध्यापकही तिकडूनच येतात.

राहिली पाटी. मी नवा मजकूर केला : 'वाहन आणण्यास मनाई आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या वाहनांना खास सवलत.' लावण्यापूर्वी तो मुलीला दाखवला. तिने वाचला आणि जरा वेळाने म्हणाली, "सर, सवलत कशाची? आणि हे वाहन नाहीये. वाहन माणूस बाहेर लावून येतो. हे माझ्याबरोबर वर्गात येतं."

एम्.ए.ला मी अर्थविचार शिकलो होतो. मी मुकाट्याने दुसरे वाक्य खोडले आणि लिहिले : 'चालण्यासाठी किंवा चालण्याऐवजी ज्याची गरज लागते असे कोणतेही साधन वाहन समजले जाणार नाही.' जुन्या पाटीतला 'कोणतेही' असा नव्या पाटीत कामाला आला. आणि हो, हजेरीपटावरच्या त्या दिवसाची गैरहजेरीही मी सही करून दुरुस्त केली. तिने लक्षात आणून दिले म्हणून. मी विसरलो होतो.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. एक विषय अजून पहिल्या मजल्यावर होतो. लिफ्ट नाही, वेळापत्रक जुळत नाही. त्या तासाच्या टिपणांसाठी ती मैत्रिणीच्या वहीवर अवलंबून आहे. पुढे तिला एम्.ए. करायचे आहे, कलिन्याला विद्यापीठात. तिथे जायचे म्हणजे लोकल. विरारहून मुंबईला पहिली गाडी १८६७ साली गेली. इतक्या वर्षांत फलाट उंच झाले, डबे पंधरा झाले, अपंगांचा डबा आला. पण पुलाच्या पायऱ्या, फलाट आणि डबा यांमधली फट आणि गर्दीच्या वेळी थांबलेल्या गाडीची ती काही सेकंदे, एवढ्यात हे यंत्र आत जाणार कसे? घडीची खुर्ची जाते, तीही दोन माणसांनी उचलली तर.

वसई रोडच्या पुलावर मी लहानपणी एक गृहस्थ पाहत असे. दोन्ही पाय मांडीपासून नव्हते. चार बेअरिंगवर बसवलेल्या फळीवर ते बसत आणि हातांत लाकडी ठोकळे धरून स्वतःला रेटत. त्या फळीचा आवाज पुलाच्या त्या टोकापासून ऐकू येई. ते भीक मागत नसत, कंगवे विकत. एकदा एका तिकीट तपासनिसाने त्यांना गंमतीने विचारले, "या गाडीचं तिकीट?" ते म्हणाले, "तुमच्या बुटांचं काढलंत का?" तेव्हा मी खूप हसलो होतो.

आपल्याकडे पहाटे गावातून पुकारा करीत हिंडणारा एक भिक्षेकरी असे, त्याचे नावच पांगुळ. तो स्वतः चांगला धट्टाकट्टा. पण पुकारा करायचा तो सूर्याच्या सारथ्याच्या, अरुणाच्या नावाने. या अरुणाला मांड्याच नाहीत, म्हणून तर त्याला अनूरु म्हणतात. संतांनीही या पांगुळावर रूपके रचली आहेत. हे सगळे मी दरवर्षी लोकसाहित्याच्या तासाला सांगतो. यंदा सांगितले तेव्हा दाराजवळून प्रश्न आला, "म्हणजे सर, आकाशातली सगळ्यात मोठी गाडी चालवतो त्याला पाय नाहीत?"

"नाहीत."

"आणि त्याला फाटकावर कोणी अडवत नाही?"

वर्ग हसला. या खेपेस मीही.

परवा तिचे वडील दिवाळीच्या आधी सहज घरी आले होते. माळ्यावरून काढलेला पांगुळगाडा दारातच पडला होता. माझ्या धाकट्या भावाची मुलगी आता नऊ महिन्यांची झाली आहे. गाडा तिला द्यायचा होता, पण चाकावाचून कसा देणार? त्यांनी तो उचलला, पालथा केला, कण्यावर अंगठा फिरवला. "लाकूड उत्तम आहे सर. कणा झिजलाय. बेअरिंग घालून देतो." मी पैशांचे विचारले तर त्यांनी मान हलवली. गाडा मुलीच्या यंत्रामागे, छत्रीच्या नळीला सुतळीने बांधला, आणि खटका कासवावरून सशावर नेऊन ती दोघे आमच्या गल्लीतून निघाली. ती बसलेली, वडील सायकलवर शेजारी.